पुराच्या गाळाला चाळणी कोणी लावली?

समाची_सून | ८ सप्टेंबर २०२४, रात्री ९:५०

बडोदेकर मंडळी, सगळे सुखरूप ना?

आमच्या समा भागात विश्वामित्री नदी तळमजल्यावर साडेतीन फूट चढली आणि उतरायला अडीच दिवस घेतले. वरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात आम्ही सात माणसं आणि एक मांजर. खाली फ्रिज गेला, गाद्या गेल्या, सासूबाईंच्या माहेरची शिसवी पेटी फुगून बसली. ते रडगाणं इथे नको. आठ दिवस हातात खराटा आणि वायपर आहे, त्यामुळे एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती विचारते.

गाळ सगळीकडे सारखा नाही. सोसायटीचं फाटक नदीच्या बाजूला आहे. तिथला गाळ चरचरीत, फावडं घातलं की कर्रकर्र वाजतं. ओट्यावर आला की बेसनासारखा. आणि मागच्या चौकात, जिथे पाणी कोंडून राहिलं होतं, तिथे चक्क लोणी. दोन बोटांत चोळला तर कण म्हणून लागत नाही. परवा ऊन पडल्यावर त्या लोण्याला भेगा पडून पापडाएवढ्या चकत्या झाल्या, कडा वर वळलेल्या.

मग छुंद्याची रिकामी बरणी घेतली. फाटकाजवळचा गाळ एक वाटी, चौकातला एक वाटी, वर पाणी. झाकण लावून खळखळून हलवली आणि खिडकीत ठेवली. वीस आकडे मोजेपर्यंत तळाला वाळू बसली. चहा होईस्तोवर तिच्यावर करडा थर आला. रात्री झोपताना वरचं पाणी अजून ताकासारखंच. सकाळी जरा निवळलं होतं, पण आरपार दिसत नव्हतं.

नदी एक, पूर एक, पाणी एक. मग ही चाळणी लावली कोणी? आणि दुसरं, ही नदी पावागडाहून येते म्हणतात. गडावर तर म्हशीएवढाले दगड पडलेत. ते कुठे राहिले?

रावपुरा_रिटर्न्स | ८ सप्टेंबर, रात्री १०:१५

आमच्याकडे मांजलपूरला घोटाभरच आलं, तुमच्यापुढे काहीच नाही. ताई, वासाबद्दलही लिहा की! तो कुठल्या थरातून येतो? (वाचतोय.)

गोटेमामा | ८ सप्टेंबर, रात्री ११:०५

सूनबाई, बरणीत तुम्ही जे पाहिलंत तेच तुमच्या अंगणात झालं, फक्त आडवं.

पाण्यातला कण किती भराभर खाली बसेल ते त्याच्या आकारावर ठरतं. स्टोक्सचा १८५१ सालचा नियम आहे: बारीक कणाचा आकार दहा पट लहान झाला, तर बसण्याचा वेग शंभर पट कमी होतो. तुमच्या बरणीत दहा सेंटीमीटर पाणी धरलं, तर ०.१ मिलिमीटरची बारीक वाळू दहा-बारा सेकंदांत तळ गाठते. ०.०२ मिलिमीटरचा पोयटा पाचेक मिनिटं घेतो. ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीला आठ तास लागतात, तेही बरणीला कोणी धक्का लावला नाही तर. त्याहून बारीक कण असतातच. सकाळीसुद्धा पाणी गढूळ होतं ते त्यांच्यामुळे.

आता अंगण. नदी पात्रात असते तेव्हा खोल आणि वेगवान. काठ ओलांडला की पसरते, उथळ होते, गवत, भिंती, मोटारी सगळं आडवं येतं आणि वेग एकदम मोडतो. वाळूला तेवढं निमित्त पुरतं, ती काठाशीच बसते. असं शेकडो पुरांत झालं की काठाला आपोआप बांध तयार होतो. त्याच्यामागची जमीन थोडी खोलगट राहते आणि तिथे सावकाश चिकणमाती साचते. तुमचं फाटक म्हणजे तो बांध, चौक म्हणजे मागचं खोलगट.

चकत्यांच्या कडा वर का वळतात? प्रत्येक चकतीतसुद्धा खाली जरा जाडसर आणि वर अगदी बारीक गाळ असतो. बारीक गाळ सुकताना जास्त आकसतो, म्हणून वरची बाजू कडांना ओढून घेते.

अवांतर: पोयटा की चिकणमाती हे ओळखायला आम्ही भूशास्त्रवाले चिमूटभर माती दातांखाली धरतो. पोयटा किंचित कचकचतो, चिकणमाती अजिबात नाही. पुराचा गाळ मात्र चाखू नका, त्यात अर्ध्या गावाची गटारं आहेत. (रावपुरा, तुमच्या वासाचं उत्तरही तेच.)

पुणेकर_जावई | ९ सप्टेंबर, सकाळी ८:३०

म्हणजे उलटा हिशोबही तसाच असणार ना? पाणी जोरात आलं की आधी बारीक माती उचलली जाते, मग वाळू, मग गोटे.

गोटेमामा | ९ सप्टेंबर, सकाळी ९:१०

जावईबापू, इथेच सगळे फसतात. ताटात रवा, गव्हातला एखादा खडा आणि मळलेल्या कणकेचा गोळा ठेवा आणि पंखा लावा. आधी काय उडेल? रवा. खडा जड म्हणून राहतो. कणीक मात्र रव्याहून कितीतरी बारीक पिठाची असूनही जागची हलत नाही, कारण तिचे कण एकमेकांना चिकटलेत.

नदीतही तसंच. उपसाला विद्यापीठातल्या हुल्स्ट्रम यांनी १९३५ मध्ये याचा आलेख मांडला. मध्यम वाळू हलवायला सेकंदाला वीस-पंचवीस सेंटीमीटरचा प्रवाह पुरतो. घट्ट बसलेली चिकणमाती उखडायला मात्र मीटरभर किंवा त्याहून जास्त वेग लागतो, जवळजवळ गोट्यांइतका. पण एकदा उचलली की ती खाली बसायचं नाव घेत नाही. उचलायला अवघड, टाकायला त्याहून अवघड.

म्हणून सूनबाईंना फुकटचा सल्ला: चौकातला गाळ ओला आहे तोवर काढा. वाळल्यावर पाण्याचा पाइप मारून तो जाणार नाही.

समाची_सून | ९ सप्टेंबर, दुपारी १:४०

हा सल्ला चार दिवस आधी मिळाला असता तर! कोपऱ्यातला आता उलथन्याने खरवडतेय.

माची_ते_मंदिर | ९ सप्टेंबर, रात्री ८:२०

दगडांबद्दल मी बोलतो. दर महिन्याला पावागड चढतो (रोपवेने नाही, तिरकस विचारायच्या आधीच सांगतो).

गड पायऱ्यापायऱ्यांचा आहे. ज्वालामुखीचे थर एकावर एक बसलेत. कठीण थर आला की उभा कडा, मऊ थर आला की उतार, वर पुन्हा कडा. मऊ थर पावसाने आतून पोखरत जातो आणि वरच्या कड्याचा आधार सुटतो. फटींत पाणी आणि वडा-पिंपळाची मुळं शिरतात आणि एखाद्या पावसाळ्यात तुकडा निखळतो. ताई, तुमच्या म्हशी पाण्याने आणलेल्या नाहीत. त्या नुसत्या पडल्यात, पडल्या तिथेच बसल्यात. बारक्या तुकड्यांचा कड्याखाली घसारा होतो. तो कुठेही बघा, उतार तीस-पस्तीस अंशांच्या आसपासच. वरून आणखी टाकला की घसरून पुन्हा तेवढाच. धान्य बाजारातली गव्हाची रास तशीच असते, फक्त गहू गुळगुळीत म्हणून जरा बसकी.

आणि माती? माती रोज उतरतेय, दिसत नाही इतकंच. वाटेच्या कडेचे जुने खांब दरीकडे कललेत, एका गडग्याचं पोट फुगलंय. पावसात माती फुगते तेव्हा उताराला काटकोनात वर उचलली जाते. सुकून बसते तेव्हा सरळ खाली बसते. प्रत्येक वेळी केसभर पुढे. वर्षाला काही मिलिमीटर.

आजी सांगायची, विश्वामित्र ऋषींची गाय दरीत पडली म्हणून ऋषींनी दरीत डोंगर लोटला. तो बुडाला आणि पाव हिस्सा वर राहिला, तो पावागड. डोंगराने दरी बुजवायची ही गोष्ट मला हल्ली फारशी खोटी वाटत नाही.

पुणेकर_जावई | ९ सप्टेंबर, रात्री ९:००

सगळेच उतार इतके सावकाश वागत नाहीत. ३० जुलै २०१४ ला आमच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण सकाळी सकाळी गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. बायकोचे एक मामा मदतीला गेले होते, अजून त्याबद्दल बोलत नाहीत.

गोटेमामा | ९ सप्टेंबर, रात्री ९:२५

हो. तिथे वाहत्या पाण्याने नव्हे, मुरलेल्या पाण्याने घात केला. दिवसेंदिवसच्या पावसाने मातीच्या पोकळ्या भरल्या की आतलं पाणी कणांना एकमेकांपासून ढकलायला लागतं. घर्षण जातं. वजन तेच, उतार तोच, धरून ठेवणारं मात्र काही उरत नाही.

माजी_ओव्हरसियर | १० सप्टेंबर, सकाळी ७:०५

राम राम. पाटबंधाऱ्यात छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी नदीच्या पाण्याची उंची मोजायची पट्टी वाचण्यात.

गोटे कुठे राहिले याचा सरळ हिशोब. पावागड आठशे मीटरच्या आसपास, बडोदं चाळिसाच्या आसपास. पण हा उतार सारखा वाटलेला नाही. जवळजवळ सगळा गडाच्या पायथ्यापर्यंतच संपतो, पुढे नदी सपाटीवर रेंगाळते. आम्हाला शिकवायचे: वेग दुप्पट झाला की पाणी जेवढा मोठा दगड ढकलू शकतं त्याचं वजन चौसष्ट पट होतं. हेच उलट लावा. वेग निम्मा झाला, तर चौसष्टावा हिस्सा. म्हणून डोंगर सुटला की गोटे पहिल्या काही कोसांतच थांबतात. तुमच्या घरात आला तो गाळ मुख्यतः गडावरचा नाहीच, तो वाटेतल्या शेतांचा आणि काठांचा. हा सगळा मुलूखच नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा आहे. जुनाच गाळ पुन्हा प्रवासाला निघाला.

काठांवरून आठवलं. पाणी उतरल्यानंतर दोन दिवसांनी भेखड (नदीचा उभा काठ) कोसळली का हो तुमच्या बाजूला?

समाची_सून | १० सप्टेंबर, सकाळी १०:३०

काका, तुम्हाला कसं कळलं? पूर होता तेव्हा काठ जागच्या जागी. पाणी खाली गेलं, ऊन पडलं, आम्ही हुश्श केलं आणि संध्याकाळी कडुलिंबासकट पंधरा फूट काठ बसला. कडुलिंब उभाच्या उभा खाली गेला, अजून तिरका उभा आहे.

माजी_ओव्हरसियर | १० सप्टेंबर, सकाळी ११:१५

नेहमीचंच. पूर असतो तेव्हा काठ आतून भिजून जड झालेला असतो, पण बाहेरून नदीचं पाणी त्याला टेकू देतं. पाणी भराभर उतरलं की टेकू जातो, आतलं पाणी तितक्या लवकर झिरपून बाहेर येत नाही. मग तो जडशीळ काठ आपल्याच वजनाने खाली बसतो. म्हणून पूर ओसरला की लगेच काठावर फोटो काढायला जाऊ नये. नदीत मगरी आहेत, ते कारण वेगळंच.

आता माझं मत. हे नागमोडी पात्र सरळ करा, खोल करा, पाणी सुसाट निघून जाईल. गावात नदी लोळण घेते म्हणून तर तुंबते.

चहाबाज | १० सप्टेंबर, दुपारी ४:१०

काका, माफ करा, पण लोळण ती आळसाने घेत नाही. हातात कप आहे म्हणून सांगतो.

न गाळलेला चहा चमच्याने गोल ढवळा आणि थांबा. पत्ती कुठे जाते? जड आहे, फिरतेय, म्हणजे कडेला जायला हवी. जाते मधोमध. १९२६ मध्ये आइन्स्टाइनने (हो, तोच) या पत्तीचं उत्तर देऊन त्यावरून नद्यांच्या वळणांचं कोडं मांडलं. वरचं पाणी मोकळं फिरतं, ते बाहेर फेकलं जातं. तळाचं पाणी कपाच्या बुडाला घासून मंदावतं, त्यामुळे ते आत ओढलं जातं आणि जाताना पत्तीला घेऊन जातं.

नदीच्या वळणावरही तेच. वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आपटून तो पोखरतं. तळाचं पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडे सरकतं आणि तिथे टाकतं. बाहेर भेखड, आत वाळूचा उतरता काठ, आणि त्या उतरत्या काठावर ऊन खात आमच्या मगरी. वळण आणखी वळत जातं. सरळ खणलेला चर गाळातून वाहायला लागला की काही वर्षांत नदी पुन्हा वळायला लागते. थोरल्या आइन्स्टाइनचा मुलगा हान्स आल्बर्ट पुढे नदीतल्या गाळाचाच अभ्यासक झाला, बर्कलीला शिकवायचा.

माजी_ओव्हरसियर | १० सप्टेंबर, सायंकाळी ६:००

चहा झकास, पण माझ्या भावाच्या घरात चार फूट पाणी होतं. त्याला आइन्स्टाइन सांगू का?

गोटेमामा | १० सप्टेंबर, रात्री १०:४०

दोघांचं अर्धं अर्धं मान्य.

भराव टाकून अरुंद झालेलं पात्र मोकळं करायलाच हवं, त्यात वाद नाही. पण सरळ करणं वेगळं. दोन ठिकाणांमधली उंची तेवढीच ठेवून वाट आखूड केली, की उतार वाढतो. लेन यांनी १९५५ मध्ये याचा तराजू मांडला: एका पारड्यात पाणी आणि उतार, दुसऱ्यात गाळ आणि त्याच्या कणांचा आकार. उतार वाढवला तर तोल साधायला नदी जास्त गाळ मागते. तो ती तळ आणि काठ खणून मिळवते. खणलेल्या तळात उतरती पायरी पडते, ती वरच्या अंगाला सरकत जाते, आणि खणलेलं सगळं खाली उतार संपतो तिथे साचतं. शिवाय तुमच्याकडून सुसाट निघालेलं पाणी खालच्या गावात एकदमच पोचतं. ओव्हरसियरसाहेब, खालच्या गावातही कुणाचा तरी भाऊ असतोच.

धरणाचंही तसंच. धरणात गाळ बसतो, खाली निवळ पाणी सुटतं आणि ते भुकेलेलं असतं. पारड्यात गाळ नाही, मग काठ खातं.

केमिकलवाला | ११ सप्टेंबर, सकाळी ९:३०

ताईंच्या बरणीसाठी: तुरटीचा खडा दोन वेढे फिरवा आणि बघा. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना दूर ठेवतात, म्हणून तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, गुठळ्या जड म्हणून बसतात. मीठही हे काम करतं, जरा मंदपणे. विश्वामित्री ढाढरला मिळते, ढाढर खंभातच्या आखाताला. तिथे खाऱ्या पाण्यात गावोगावच्या चौकांतून सुटलेली ही चिकणमाती गुठळ्या धरते. पण त्या आखाताची भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी, ती सगळं पुन्हा ढवळते. तिथला समुद्र चहासारखा दिसतो तो उगाच नाही.

समाची_सून | ११ सप्टेंबर, दुपारी ३:०५

केली! दहा मिनिटांत पाणी आरपार. सासूबाई म्हणाल्या, हे तर आम्ही दांडिया बाजारातल्या विहिरीच्या पाण्याला लहानपणापासून करायचो, तुला ते कॉम्प्युटरवर विचारावं लागलं?

कोतरवाला | १४ सप्टेंबर, रात्री ९:१५

उशिरा आलो. आमचं शेत सावली गावाकडे, मही नदीच्या कोतरांना लागून. तुमच्याकडे नदी माती आणून देते, आमच्याकडून घेऊन जाते. त्यामुळे या धाग्यात माझीही तक्रार नोंदवून घ्या.

ज्यांनी कोतर पाहिलं नाही त्यांच्यासाठी: वरून सपाट शेत दिसतं. तूर उभी असते. चार पावलं पुढे गेलात की जमीन संपते आणि खाली घळी, त्यांच्या फाट्यांना फाटे, मातीचे सुळके. महीच्या काठाशी हे कडे सात-आठ मजली इमारतीएवढे.

सुरुवात एवढ्याशा गोष्टीने होते. उघड्या मातीवर टपोरा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटरने आदळतो. तुमच्या तुळशीवृंदावनाच्या बुडाशी चिखलाचे शिंतोडे बघा, तेवढी उंच माती उडते. सपाटीवर चहूकडे सारखी पडते, उतारावर खालच्या बाजूला जास्त. आमच्या बांधावर पावसानंतर बोटभर उंचीचे मातीचे खांब दिसतात, प्रत्येकाच्या डोक्यावर एक खडा. खड्याखालची माती वाचली, आजूबाजूची गेली.

पण खरं दुखणं भुयारांचं. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, उंदीर बिळं करतात, पहिला पाऊस त्यात शिरतो. आतल्या आत माती विरघळल्यासारखी वाहून कोतराच्या भिंतीतून बाहेर पडते. वरून शेत धडधाकट. मग एक दिवस ट्रॅक्टरचं मागचं चाक आत. दोन वर्षांपूर्वी आमचंच गेलं. चाक निघालं, पण त्या भोकाला वाट मिळाली आणि ते कोतराला जाऊन मिळालं. तेव्हापासून कोतराचं तोंड शेताकडे सरकतंय.

मामा, हे मागे मागे का येतं? पाणी तर पुढे वाहतं.

गोटेमामा | १४ सप्टेंबर, रात्री १०:५०

तोंडाशी पाणी उभं कोसळतं, म्हणजे छोटा धबधबाच. सगळा जोर त्या पायथ्यावर. पायथा पोखरला की वरचं ढासळतं आणि धबधबा एक पाऊल मागे येतो. पाणी पुढे जातं, घाव मागे सरकतो.

याची मूळ कळ मात्र तुमच्या शेतात नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्याहून जवळपास १२० मीटर खाली होता, आणि इथली जमीनही सावकाश उचलली गेलीय. मही आपल्याच जुन्या गाळात खोल उतरली. मोठी नदी खाली गेली की तिला मिळणाऱ्या प्रत्येक ओघळीला खाली उतरावं लागतं. तुमच्या ट्रॅक्टरचं चाक त्या हिशोबातली अगदी शेवटची ओळ आहे.

उपाय तुम्हाला माहीतच असतील. शेताचं पाणी तोंडाशी येऊच द्यायचं नाही, वर बांध घालून वळवायचं. घळीत छोटे अडसर, तळाला बांबू, उतारावर गवत. वासदला याच कोतरांवर काम करणारं संशोधन केंद्र आहे, जाऊन या. आणि आजच एक करा: तोंडापासून शेताच्या बाजूला सरळ रेषेत पाच-पाच फुटांवर तीन खुंट्या ठोका, सुतळी बांधा. किती सरकतंय ते मोजलंत, तर निदान भांडता येईल.

माची_ते_मंदिर | ५ जानेवारी २०२५, रात्री ८:००

धागा वर काढतोय. चांदोदला नर्मदेवर गेलो होतो. तिथले गोटे हातात घेतल्यावर पावागडाचे दगड किती नवखे ते कळतं. गडावरचे कानाकोपऱ्यांचे, धारदार. हे गुळगुळीत, अंड्यासारखे. एकमेकांवर आपटून कोपरे आधी जातात, तेही तुलनेने लवकर. दगड लहान व्हायला मात्र फार मोठा प्रवास लागतो. ‘नर्मदेतला गोटा’ म्हणून आपण माणसाला नावं ठेवतो, त्या गोट्याने काय काय सोसलंय ते बघत नाही.

माजी_ओव्हरसियर | २ ऑगस्ट २०२५, सकाळी ७:२०

उन्हाळ्यात विश्वामित्री खोल आणि रुंद करायचं काम झालं. वळणं बहुतेक राहिली आहेत. चहाबाज खूश असतील. यंदा मी रोज पुलावर जाऊन बघतो: रुंद केलेल्या भागात आतल्या बाजूला आत्ताच गाळाची जीभ दिसायला लागलीय. म्हणजे काम एकदाचं नव्हे, दर वर्षीचं आहे.

समाची_सून | २ ऑगस्ट २०२५, सकाळी ९:४५

काका, पुलावरून वाकून बघू नका. आणि बरणी अजून खिडकीत आहे. सासूबाईंनी तिच्यावर ‘छुंदो नाही’ अशी चिठ्ठी चिकटवलीय, कारण गेल्या महिन्यात पाहुण्यांनी चमचा घातला होता.

कोतरवाला | १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:३०

मामा, खुंट्यांचा हिशोब. ठोकल्या तेव्हा पहिली तोंडापासून पाच फुटांवर होती. गेला पावसाळा संपेपर्यंत काही नाही. यंदा जूनमध्येही काही नाही. ऑगस्टमधल्या एका रात्रीच्या पावसात पहिली गेली. दुसरी काठावर लोंबतेय, सुतळी तिसरीला बांधलेली आहे म्हणून. वरचा बांध मी मे महिन्यात घातला होता, पण एका टोकाला फुटला. तिथूनच पाणी आलं.

आता ते टोक दगडाने बांधतोय. दगड फार लांबून आणावा लागतो, आमच्याकडे नुसतीच माती.